शून्यावर आणून ठेव

कीथलीच्या चढावर, दगडी घरांच्या मागच्या गल्लीत,
माझी फिएस्टा महिनाभर खोकत होती.
तपासणीवाल्यानं नापास केली. कागदावर एकच ओळ :
एक्झॉस्ट गळतो, पुढच्या जोडावर.

शेजारचा क्लिफर्ड सग्डन, वय एक्क्याऐंशी,
अडतीस वर्षं बस डेपोत, गाड्यांच्या पोटाखाली.
सगळ्यांना 'लव' म्हणतो, पोस्टमनलासुद्धा.
म्हणाला, लव, पैसे कशाला घालवतेस,
गुडघे तुझे, डोकं माझं.

मग चाकांमागे विटा, जॅक, लोखंडी स्टँड,
आणि मी जुन्या गालिच्यावर उताणी.
फेब्रुवारी पाठीतून वर चढत होता.

जुने नट गंजून बोल्टशी एकजीव झालेले.
एक मीच आवळलेला, मागच्या वर्षी,
जीव खाऊन,
नेमका तोच मानेतून तुटलेला.
उरलेला बुंधा जळून कोळसा, तरी आटे सोडेना.
सुंभ जळाला तरी, म्हटलं मनात, आणि हसू आलं,
आणि उघड्या तोंडात गंजाची भुकटी पडली.

हे आवळणं घरचं.
इचलकरंजीत बाबा यंत्रमाग जोडायचे,
किती घट्ट, असं विचारलं की तळवा दाखवायचे :
हाताला कळतं.
लोणच्याच्या बरणीचं झाकणही त्याच हातानं.
दुपारी आई बरणी पदराखाली घेऊन
खालच्या तांबटकाकूंकडे जायची,
त्यांच्या मुलाकडून उघडून आणायची.
रात्री बाबा पुन्हा लावायचे.
असं किती वर्षं. कोणी कोणाला काही म्हणालं नाही.

क्लिफर्डनं फडक्यातून लांब दांड्याचा पाना काढला.
मूठ फिरवून आकडा लावायचा : आधी वीस, मग चव्वेचाळीस.
तीन नट. बोटांनी फिरतील तेवढे बोटांनी.
मग हा थोडा, तो थोडा, तिसरा थोडा, परत पहिला.
एकट्याला शेवटपर्यंत न्यायचं नाही,
जोडाचं तोंड वाकडं होतं.
"आणि कट् झालं की थांब.
कट् झाल्यावरही जो एक जास्तीचा हिसका देतो,
त्यानं दुसरी नोकरी बघावी."

मी ओढलं. कट्.
झालं का? बाहेरून.
झालं की, आवाज आला ना.
तो गप्प. मग म्हणाला,
बारीक आवाज गेले माझे. डेपोनं ठेवून घेतले.

कुरकुरत, गाडीला धरत गुडघ्यावर बसला,
हात आत घातला,
आणि दोन बोटं माझ्या मनगटावर ठेवली,
वॉर्डात मी ठेवते तशी, घड्याळाकडे बघत.
चव्वेचाळीस. ओढलं.
बोटांखालून काहीतरी टिचकी मारून गेलं.
"हां," म्हणाला.
तिन्ही नटांना तसाच थांबला.

हत्यारं पुसताना पाना मी तसाच पेटीत ठेवला.
तेवढ्यावर ओरडला, दिवसभरात पहिल्यांदा :
शून्यावर आणून ठेव! आत स्प्रिंग आहे.
ताणलेली झोपवलीस तर उद्या खोटं बोलेल.
मला रक्तदाबाचा पट्टा आठवला,
मोजून झालं की सुस्कारा टाकणारा.
मूठ उलटी फिरवत राहिले. तीस. वीस. दहा.
बाबांना हे कोणी सांगितलं नसावं.

शंभर मैल चालव, म्हणाला, तापू दे, निवू दे,
मग पुन्हा लावून बघू.

काल सत्त्याण्णव झाले.
गाडी इतकी गप्प की चढावर माझाच श्वास ऐकू येतो.
नट हलले नसणार.
हाताला कळतं.
तरी डिकीतून गालिचा काढला,
त्याच्या दाराची घंटा वाजवली,
थोडी थांबले, मग आठवलं,
आणि खिडकीशी जाऊन
काचेपुढे हात हलवला.